पिकलेलं आणि पिकवलेलं

आमच्या गाळ्यावर एक पाटी आहे. अक्षरं चांगली मोठी आहेत, कारण ती मी सांगून रंगवून घेतली आणि लहान अक्षरं मला वाचता येत नाहीत. पाटीवर लिहिलंय, 'इथे पिकलेलं मिळतं, पिकवलेलं मिळत नाही.' रंगवणाऱ्याने विचारलं होतं, "बाई, दोन्हीत फरक काय?" मी म्हटलं, "तुला फरक कळत नाही म्हणून तू पाट्या रंगवतोस आणि मी फळं विकते. रंगव."

तुम्हालाही कळत नसेल तर सांगते. फळ झाडावर जून होऊ द्यायचं, मग उतरवायचं. पेंढ्यात मांडायचं, वरून पोतं टाकायचं आणि गप्प बसायचं. ह्याला आढी लावणं म्हणतात. आढीत फळ आपल्या मनाने पिकतं, आपण फक्त त्याला ऊब द्यायची. दुसरा प्रकार पावडरीचा. कोवळा माल तोडायचा, पेटीत पुड्या ठेवायच्या, सकाळी सगळी पेटी पिवळीधमक. वरून नवरी, आतून दगड. कापलं तर मध्ये पांढरं आणि चव भिजलेल्या कागदाची. एकदा एक व्यापारी असला माल माझ्या गळ्यात मारायला आला होता. मी झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं आणि म्हटलं, "तुझ्या घरी नको ते पाहुणे येतात का? त्यांना खायला घाल. पुन्हा येणार नाहीत."

तर सांगायचा मुद्दा, पिकवणं हा शब्द माझ्यासमोर जपून काढायचा असतो. बाजाराला हे माहीत आहे. दवाखान्याला माहीत नव्हतं.

माझ्या घरात माणसं थोडी. मुलगा एकुलता एक. बाजारात त्याला सगळे लोणी म्हणतात. स्वभावाने पांढरा स्वच्छ, पण जरा ऊन लागलं की संपला. आणि सूनबाई. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला पपई आणि खरबूज वेगवेगळं असतं एवढं माहीत होतं, त्यापुढे अंधार. मी तिला गाळ्यावर बसवलं, देठ हुंगायला शिकवलं. रंगाकडे बघायचं नाही, रंग कुणीही लावतं. देठाशी नाक न्यायचं. वर्षभरात ती अशी तयार झाली की जुने हमाल तिला विचारायला लागले. उलटही बोलते मला. मी बोलू देते. गिऱ्हाइकाशी भांडायचा सराव घरातच होतो.

तिला सातवा पुरा होऊन आठवा नुकताच लागला होता. पेट्या उचलायला मी केव्हाच बंदी केली होती. ती उंच स्टुलावर बसून काटा सांभाळायची आणि पिशव्या उघडून द्यायची. नव्या पिशव्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, तुम्हीही बाजारात बोटं चोळत उभे राहिला असाल. मी बोट ओलं करते, ती फुंकर मारते. फू, की पिशवी उघडली. त्या सकाळी तिने पिशवी तोंडाशी धरली आणि फुंकर मारलीच नाही. तशीच बसून राहिली, ओठांचा चंबू करून.

"काय गं? पिशवीचा मुका घेतेस का?"

"आई," ती म्हणाली, "पोट दगडासारखं झालंय."

"कधीपासून?"

"सकाळपासून येतंय, जातंय."

"आणि आत्ता सांगतेस?"

"तुम्ही कलिंगडवाल्याशी भांडत होतात. मध्ये कसं बोलायचं?"

कलिंगडवाल्याचाच टेम्पो रिकामा उभा होता. मी त्याला म्हटलं, "आपलं भांडण राहू दे तसंच, आल्यावर पुढे चालू. आधी हिला पोचव." भांडण विसरून त्याने पोतं झटकलं, सीट पुसली. लोणी मागे बसला आणि सगळ्या रस्त्याने मला विचारत राहिला, "आई, काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "झालं तर तुलाच आधी होईल, तोंड बघ आरशात."

दवाखान्यात तिला हिरव्या पडद्यामागे डाव्या कुशीवर झोपवलं. पोटाला पट्टा बांधला आणि पट्ट्याच्या यंत्रातून बाळाच्या काळजाचा आवाज यायला लागला. घोडा दौडत असावा तसा. तो आवाज ऐकल्यावर माझे पाय जरा जमिनीला लागले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केसांच्या बुचड्यात पेन खोचलेलं. तपासून झाल्यावर हातमोजे काढत म्हणाल्या, "आजी, जरा इकडे उभ्या राहा."

"आजी म्हणू नका," मी म्हटलं, "अजून झाले नाही. ते आता तुमच्याच हातात आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग सुनेच्या उशाशी गेल्या आणि तिच्याशीच बोलल्या, आमच्याशी नाही. म्हणाल्या, "वेळेच्या खूप आधी कळा सुरू झाल्यात. त्या थोपवायला औषध दिलंय, पण ते फार दिवस थोपवणार नाही. गर्भाशयाचं तोंड उघडायला लागलंय. बाळ ह्या आठवड्यातच येईल असं मला वाटतं. आणि बाळाची फुप्फुसं अजून परिपक्व नाहीत. तुम्हाला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर ते तुमच्या रक्तातून बाळापर्यंत जातं आणि फुप्फुसं लवकर परिपक्व होतात. आज एक आणि उद्या याच वेळेला दुसरं. तुम्ही हो म्हणालात तर लगेच देऊ."

"परिपक्व म्हणजे?" मी विचारलं. असले शब्द वर्तमानपत्रात असतात.

पलीकडे सिस्टर सलाईनची बाटली अडकवत होती. तिने आपलं सोपं करून सांगितलं, "म्हणजे पिकायला हवीत ना फुप्फुसं, मावशी. कच्ची आहेत अजून."

"पिकतील की पिकवणार?"

"इंजेक्शन देऊन पिकवणार," सिस्टर म्हणाली. बिचारी.

"नाही," मी म्हटलं.

यंत्रात घोडा दौडत होता.

"आई, निदान ऐकून तरी..." लोणी म्हणाला.

"तू बोलू नकोस, तू वितळायला लागलायस. माझ्या गाळ्यावर पुडी लावलेलं केळं आलं नाही आणि माझं पहिलं नातवंड सुई टोचून पिकवणार? कोवळं आहे ते. कोवळ्याला पिकवलं की काय होतं मला विचारा. आतून दगड."

डॉक्टरीणबाई वाद घालत बसल्या नाहीत. सुनेला म्हणाल्या, "निर्णय तुमचा आहे. काही विचारायचं असेल तर मी इथेच बाहेर आहे. फक्त फार वेळ लावू नका. औषधाला काम करायला वेळ लागतो, आणि बाळ आपल्या सोयीने येणार नाही." एवढं बोलून पडदा सारून गेल्या.

सूनबाई पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी नजर यंत्राकडे वळवली.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. विहीणबाई शाळेत मुलांना गाणं शिकवायच्या आणि अजूनही प्रत्येक वाक्य वरच्या पट्टीत सुरू करतात. "काय झालं माझ्या लेकीला!" पासून जी सुरुवात झाली ती सिस्टरने दोनदा "हळू" म्हणेपर्यंत थांबली नाही. लोण्याने त्यांना सगळं सांगितलं. स्टिरॉइड शब्द ऐकला आणि विहीणबाईंनी दोन्ही गाल हातात धरले.

"नाही नाही नाही! मला दम्याला दिलं होतं ते. महिनोन्महिने! चेहरा भोपळ्यासारखा झाला होता माझा, आठवतं ना? शेजारीण ओळखेना मला. स्टिरॉइड अजिबात नको!"

"मी तेच म्हणतेय मघापासून," मी म्हटलं.

"बरोबर म्हणताय तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या.

आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून दचकलोच. माझ्या मुलाच्या लग्नाच्या दिवसापासून ह्या बाईचं आणि माझं कशावरही जमलं नव्हतं. हॉलच्या पडद्यांवर नाही, पोरांच्या पलंगाच्या जागेवर नाही, पोटातल्या बाळाच्या नावावर तर नाहीच. त्यांनी चहात साखर कमी टाकली की मी जास्त मागायची, एवढ्यासाठी. आणि आज ही बाई माझ्या शेजारी उभी राहून मान डोलावत होती.

सूनबाईने उशीवरून मान उचलली. आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या आईकडे.

"तुम्ही दोघी एका बाजूला?" ती म्हणाली. "म्हणजे नक्की काहीतरी चुकतंय."

"अगं, आम्ही तुझ्या भल्याचं..." विहीणबाई सुरू झाल्या.

"मम्मी, बाहेर जा. आई, तुम्हीपण. दोघींना जे काय विचारायचंय ते डॉक्टरांना विचारून या. सगळं विचारा, काही ठेवू नका. पण माझ्या डोक्याशी उभं राहून नको."

माझ्या सुनेने मला खोलीबाहेर काढलं. हे तुम्हाला सांगतेय, बाजारात बोलू नका.

बाहेर लांबलचक व्हरांडा. फिनेलचा वास, भिंतीला लागून बाकं, एका टोकाला बेसिन. डॉक्टरीणबाई बेसिनशी हात धूत होत्या, कोपरापर्यंत साबण. मी सरळ जाऊन उभी राहिले. विहीणबाई माझ्या मागे, चक्क माझ्या मागे.

"डॉक्टरीणबाई, मला शिकल्यासारखं बोलता येत नाही, सरळ विचारते. मी फळवाली. पावडर लावून पिकवलेलं फळ मी आयुष्यात विकलं नाही. मग घरातलं बाळ तसं का पिकवू?"

त्या हसल्या नाहीत. हे मला आवडलं. म्हणाल्या, "पावडरीने काय होतं?"

"साल पिवळी होते. आत कच्चंच राहतं."

"मग हे उलटं आहे. ह्याने बाहेर काहीच होत नाही. बाळ दिसायला बारीकच असेल, वजन वाढणार नाही, रंग येणार नाही. काम होईल ते आत, फुप्फुसात. तुमच्या हातात काय आहे ते?"

मी बघितलं. पिशव्यांचा गठ्ठा. गाळ्यावरून तसाच मुठीत धरून आले होते, टेम्पोतही, पडद्यामागेही. माझंच मला कळलं नव्हतं.

त्यांनी हात पुसले, एक पिशवी सोडवून घेतली आणि बोटांत धरून चोळली. उघडेना. "कसं उघडता तुम्ही हे?"

"मी बोट ओलं करते. सून फुंकर मारते."

"बाळाच्या फुप्फुसांत अशा लाखो पिशव्या असतात. टाचणीच्या टोकाहून बारीक. दिवस भरलेल्या बाळाच्या पिशव्यांना आतून एक लेप असतो, साबणाच्या पाण्यासारखा बुळबुळीत. त्यामुळे त्या चिकटत नाहीत. तुमच्या नातवंडाचा तो लेप अजून पुरेसा तयार नाही. आत्ता जन्मलं तर श्वास सोडला की पिशव्या चिकटणार. पुढच्या श्वासाला परत सगळ्या उघडायच्या. मग परत चिकटणार. एवढंसं बाळ, दर श्वासाला असं करत राहिलं तर दमतं."

"दमलं की?"

"मग यंत्राने श्वास द्यावा लागतो. आणि कधीकधी यंत्रही पुरत नाही."

हे त्यांनी आवाज न बदलता सांगितलं. मी त्यांच्या हातातल्या चिकटलेल्या पिशवीकडे बघत राहिले. विहीणबाईंनी माझा दंड धरला होता. मी सोडवून घेतला नाही.

"तर तुम्ही तो लेप सुईने टोचणार."

"नाही. लेप बाळच करणार. आपण फक्त निरोप धाडायचा, की बाबा, लवकर कामाला लाग. दिवस भरत आले की बाळाचं स्वतःचं शरीर हाच निरोप देतं. ह्या औषधाच्याच जातीचा रस त्याच्या अंगात तयार होतो. आपल्याकडे वेळ नाही म्हणून आपण तो बाहेरून देतोय."

मी थांबले. मला एकदम आढीच दिसली. कधीकधी आढी मागे पडते. थंडी असते, फळ हलायचं नाव घेत नाही. तेव्हा मी काय करते? पावडर? छे. मधोमध एक पिकलेलं फळ ठेवते. एकच. त्याचा वास बाकीच्यांना लागतो आणि दोन दिवसांत सगळी पेटी जागी होते. आत घालायचं काही नाही, वरून लावायचं काही नाही. त्यांना नुसतं कळवायचं.

"म्हणजे आढीत पिकलेलं फळ ठेवतात तसं," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंना आढी माहीत नव्हती. मी सांगितली. मागे दोघीतिघी पेशंटही ऐकत थांबल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो, असंच काहीसं."

"काहीसं नाही. असंच. पण एक आहे. अगदी कोवळं फळ आढीत घातलं तर ते पिकत नाही, सुरकुततं."

"ह्याहून कोवळ्या बाळांनाही देतो आम्ही. त्यांनाही फायदा होतो."

"खात्री देता?"

"एकेका बाळाची खात्री कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण इंजेक्शन मिळालेली बाळं जास्त वाचतात, हे पक्कं आहे. आणि तुमच्या सुनेला ताप नाही, कुठे संसर्ग नाही, न देण्यासारखं मला तिच्यात काही दिसलं नाही."

आता विहीणबाई पुढे सरसावल्या. "आणि चेहरा? भोपळा?"

"तुम्ही महिनोन्महिने घेतलंत. ही दोनच इंजेक्शनं आहेत. चेहरा सुजणार नाही. थोडे दिवस रक्तातली साखर वाढेल कदाचित, ती आम्ही बघत राहू."

"इतकं चांगलं आहे तर मग दर आठवड्याला देत राहा ना!" विहीणबाईंचं असंच असतं. खालच्या सुरातून थेट वरच्या.

"नाही. सारखं सारखं दिलं तर बाळाची वाढ मागे पडू शकते. म्हणून तर उगाच कुणालाही देत नाही. बाळ लवकरच येणार असं वाटलं तरच."

"पण कळा तर थांबल्यात आता," मी म्हटलं. हा माझा शेवटचा दगड होता.

"कळा थांबल्यात. तोंड उघडलंय ते उघडलंय."

"देठ सैल झालाय," मी म्हटलं.

"हो."

ह्यावर मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. सैल झालेला देठ परत धरत नाही. ते फळ आज पडेल, परवा पडेल, पण ते पडायला निघालंय.

"आणि नाहीच आलं बाळ? नऊ महिने ठाण मांडून बसलं तर?"

"तर दोन सुया फुकट गेल्या. मला आनंदच होईल. तुम्ही येऊन माझ्यावर ओरडा."

"ओरडेन. तुम्हाला माहीत नाही मी कशी ओरडते."

"आल्यापासून ऐकतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुचड्यातलं पेन काढलं आणि पुढच्या पडद्याकडे गेल्या.

मी विहीणबाईंना विचारलं, "काय म्हणता मग?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"असं नका बोलू हो तुम्ही, मला भीती वाटते."

तर मी पदर सावरला, पिशव्यांचा गठ्ठा विहीणबाईंच्या हातात दिला आणि खोलीत शिरले. काय बोलायचं ते ठरवलं होतं. घरातल्या मोठ्या माणसाने निर्णय द्यायचा तो शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी पडदा सारला आणि म्हटलं, "हे बघा. मी सगळी चौकशी केलेली आहे. ही पावडर नाही. माझी परवानगी आहे. बोलवा सिस्टरला."

कुणी हललं नाही. लोणी पलंगाशी उभा होता आणि सुनेच्या मांडीवर कापसाचा बोळा दाबून धरला होता.

"तो कापूस कसला?" मी विचारलं.

"दिलं इंजेक्शन," सूनबाई म्हणाली. "झालं मघाशीच."

"कुणी बोलावलं सिस्टरला?"

"मी," लोणी म्हणाला. कापूस दाबलेला होता आणि हात अजिबात हलत नव्हता. मी त्याला इतका घट्ट कधी बघितला नव्हता.

मी स्टूल ओढलं आणि बसले. विहीणबाई माझ्या मागून आत आल्या, कापूस बघितला आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत.

"रागावलात?" सूनबाईने विचारलं.

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असतात. मग मला तुमचं मोडावं लागलं असतं, तेही मम्मीसमोर. बरं दिसलं असतं का?"

"मी हो म्हणायला आले होते."

"माहीत होतं. डॉक्टरांशी उभ्याउभ्या थोडं बोललात की तुम्हाला पटणार. म्हणून तर बाहेर पाठवलं."

"मग थांबायचं होतंस!"

"बाळाला थांबायचं नव्हतं ना, आई. उशीर झाला असता तो कुणाच्या श्वासातून कापला गेला असता? तुमच्या नाही. माझ्या नाही."

मी काही बोलणार होते. तिने पोटावरचा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"वादळात त्या बागायतदाराची सगळी केळीची बाग आडवी झाली होती, आठवतं? सगळे म्हणाले, जमिनीवर पडलेला माल आहे, फेका. तुम्ही काय केलंत?"

"आढी लावली."

"का?"

"पडलं ते पडलं. झाडाला परत कसं लावणार? निदान ऊब द्यायची."

"मग," ती म्हणाली.

एवढंच. "मग." माझंच माप माझ्या काट्यावर टाकलं पोरीने, आणि काटा अगदी मधोमध उभा राहिला. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू का, तिला देठ हुंगायला कुणी शिकवलं? मी. तेव्हा निर्णय कुणाचा म्हणायचा? तुम्हीच बघा. मी सगळ्यांना सांगते की माझा.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सुईला मी हजर होते. सिस्टर सुई भरून आली आणि माझ्याकडे बघून अडखळली. म्हणाली, "मावशी, देऊ ना?"

"पिकव बाई, पिकव," मी म्हटलं. "आणि नीट टोच, दोनदा नको."

साखर थोडी वाढलीच. सिस्टरने केळी बंद केली, पपई बंद केली. फळवालीच्या सुनेला फळ बंद, आणि मी रोज टोपली घेऊन येणार. सगळा माल शेजारच्या पलंगांवर वाटला. त्या बायका म्हणायला लागल्या, तुमच्या सुनेला अजून थोडे दिवस राहू दे.

पण देठ तो देठ. दोन्ही सुया झाल्यानंतर मधले थोडे दिवस शांत गेले आणि मग एका दुपारी, विहीणबाई तिला काहीतरी गुणगुणून दाखवत असताना, ती म्हणाली, "मम्मी, सूर थांबव. आलं." तिला आत नेलं आणि दार लावलं.

आम्ही तिघं दाराबाहेर. विहीणबाईंनी माझा हात धरलेला, मी लोण्याची बाही. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज, सुनेचा आवाज, भांड्यांचा आवाज. मग सगळं एकदम थांबलं. मी दाराला कान लावला. बाजारात शंभर जण ओरडत असताना मी माझं गिऱ्हाईक ओळखते, पण त्या दारामागे ओळखायला काही नव्हतंच. मला ती पिशवीच डोळ्यांपुढे दिसत होती. मी तिथे उभ्या उभ्या ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. दारावर. फू. लोण्याने बघितलं माझ्याकडे, आणि त्यानेही मारली.

मग रडणं आलं. बारीक, हातगाडीचं चाक करकरावं तसं. विहीणबाई ओरडल्या, "रडलं! रडलं!"

"गप्प बसा!" मी म्हटलं. मी रडणं ऐकतच नव्हते. मी मधलं ऐकत होते. एकदा करकर, मग थांबणं, आणि त्या थांबण्यात एक छोटीशी ओढ. हवा आत घेतल्याची. मग परत करकर. परत ओढ. परत करकर. उघडत होत्या. पिशव्या उघडत होत्या आणि उघड्या राहत होत्या.

"आता रडा तुम्ही," मी विहीणबाईंना म्हटलं. त्या केव्हाच सुरू झाल्या होत्या.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुलगी आहे. लहान आहे फार, काही आठवडे काचेच्या पेटीत ठेवू. नाकाशी हवेची बारीक नळी दिलीय आधाराला. पण श्वास तिचा ती घेतेय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता म्हणू ना आजी?"

"म्हणा," मी म्हटलं. "पेटी गरम असते का?"

"असते. म्हणून तर ठेवतो."

"म्हणजे आढीच लावली की," लोणी म्हणाला. माझाच मुलगा शेवटी.

नाव विहीणबाईंनी काहीतरी सुरेल ठेवलंय, कागदावर तेच आहे. बाजार तिला आढी म्हणतो. ह्यावरून विहीणबाईंचं आणि माझं रीतसर भांडण झालं आणि मला फार बरं वाटलं, की सगळं जागेवर आलं. त्या म्हणतात पोरीचा आवाज त्यांच्यावर गेलाय, जन्मल्याबरोबर वरचा सा लावला. मी म्हणते, आवाज कुणाचाही असो, फुप्फुसं आमची.

आता ती गाळ्यावर काट्याशेजारी उभी राहते आणि सगळा बाजार डोक्यावर घेते. कलिंगडवाला म्हणतो, "हिला आवर, माझं गिऱ्हाईक पळतं." मी म्हणते, "आपलं ते भांडण राहिलंय, त्यात हेही धर." तिची आई पिशव्या देते, ती एकेक सोडवते, गाल फुगवून फुंकर मारते, आणि पिशवी उघडली की स्वतःच टाळ्या वाजवते.

परवा एक नवीन बाई आली. पाटी वाचली, पपई हातात घेतली, इकडून तिकडून फिरवली. म्हणाली, "नक्की ना? इंजेक्शनबिंजेक्शन देऊन पिकवलेलं काही नाही ना इथे?"

सूनबाईने माझ्याकडे बघितलं.

"आहे की," मी म्हटलं. "एकच आहे, ती बघा काट्यापाशी बोंबलतेय. पण ती विकायची नाही. तुम्ही पपई घ्या."